बुरिमला हाताची सवय

९ नोव्हेंबर

चावलं! आणि मी हात मागे ओढला. हीच चूक. साप देताना रिनातने बजावलं होतं, "चावलं तरी हात हलवायचा नाही. पेन्सिलीएवढा जीव तो, त्याच्या चावण्याने मुंगीसुद्धा मरायची नाही." खरंच काही नाही. टाचणी टोचल्यासारखं, नळाखाली धरलं की संपलं. पण मी दचकले आणि पिल्लाला धडा मिळाला — चावलं की हा डोंगर पळतो! आता रोज चावणार.

दाराबाहेरून अपाचा आवाज, "चावलं ना? बरं झालं!"

ही माझी सासू. सापाची पेटी आल्यापासून आमच्या खोलीचा उंबरा ओलांडत नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा माझी कपाटं कुणी उचकत नाही. एवढा तरी फायदा.

१० नोव्हेंबर

नुरतासला फोन. पश्चिमेला तेलविहिरींवर आहे, महिना-दीड महिना तिकडे, पंधरवडा घरी. नवरा मला पाव मिळालाय, सासू अख्खी!

"अपाशी बोललास?"

"बोलतो गं."

"कधी?"

"वेळ बघून."

लग्नाआधी अल्माटीत मी रिनातच्या दुकानात होते. पक्षी, मासे, कासवं, साप. तेव्हापासून मला एक साप हवा होता. उन्हाळ्यात नुरतासला म्हटलं तर हाच म्हणाला होता, "आण. अपाचं मी बघतो." मी बसने इथे तराझपर्यंत कोटाच्या आत धरून आणला. पेटी आली, हा गेला. आणि अपाचं मी बघतेय!

१३ नोव्हेंबर

आज उचललं नाही. नुसता हात पेटीत ठेवून बसले. वरून घालायचा नाही, बाजूने. वरून आला की त्याला घार वाटते. आधी बिनवासाच्या साबणाने धुवायचा, कोमट पाण्यात उबवायचा. एवढे लाड माझ्या हातांचे कुणी केले नव्हते.

पिल्लू कोपऱ्यात वेटोळं करून, मान आखडून, शेपटी भुशावर आपटतंय — टर्रर्र. विषारी सापाची नक्कल! एवढंसं आणि ऐट बघा.

नाव ठेवलं, बुरिम. म्हणजे वेणी. केशरी अंग, त्यावर तांबडे डाग, पोटावर मक्याच्या कणसासारखे काळे-पांढरे चौकोन. मूळचं अमेरिकेतलं, तिकडे त्याला मक्याचा साप म्हणतात म्हणे. विष नाही. अपाला हे दहा वेळा सांगितलं. ती म्हणते, "विष नाही असं तुझ्याबद्दलही सांगितलं होतं आम्हाला."

नाव ऐकून विचारते, "बाई की बाप्या?"

"अजून कळत नाही, अपा."

"मग नाव कशाला? ज्यांची नावं ठेवायची ते येऊ देत आधी या घरात."

म्हणजे मूल. चहावरून बोला, मिठावरून बोला, हवेवरून बोला — वाट तिथेच जाते.

१८ नोव्हेंबर

उंदरांची पिल्लं गेली! गोठवलेली, नखाएवढी, बुरिमचं खाणं. बंद पिशवीत, वर कागद, फ्रीजरच्या अगदी तळाशी ठेवली होती. आज हिवाळ्यासाठी कापलेल्या घोड्याचं मांस आलं. अपाने जागा करायला सगळं उपसलं आणि माझी पुडी उघडली. अशी किंकाळी फोडली की शेजारची बिबिश खोरं घेऊन धावत आली. तिला वाटलं चोर!

"माझ्या मांसाला उंदीर लावलास!"

"अपा, बंद पिशवीत होते—"

"घोडा माझ्या भावाने दिलाय! त्याला काय सांगू? तुझा घोडा उंदरांच्या मांडीला मांडी लावून बसलाय म्हणून?"

बिबिश खोऱ्यावर रेलून हसत होती. मलाही हसू आलं असतं. पण पुडी बिबिशच्या मांजरापुढे गेली आणि बुरिम उपाशी. अल्माटीहून बसवाल्याच्या हाती पुन्हा मागवायचं, कुठे लपवायचं? दुकानात! मी काम करते तिथे, जनावरांच्या औषधांच्या दुकानात, लसींच्या शेजारी. तिथे तरी कुणी किंचाळणार नाही.

२४ नोव्हेंबर

सुट्टीचा अख्खा दिवस पीराच्या मझारीवर गेला. अपा, बिबिश आणि मी. मूल व्हावं म्हणून बायका तिथे भिंतीला कपाळ टेकतात. माझ्या कपाळाला ती भिंत आता पाठ झाली असेल. मग एका म्हातारीकडून काढ्याची पुडी. कडू जहर. येताना बिबिश अख्ख्या बसला ऐकू जाईल अशी बोलली, "पोरगी धडधाकट दिसते हो. फक्त खोलीतला तो किडा घालवा."

अपा म्हणते, "मी काय कमी सांगते? ऐकेल तर ना!"

बसमधल्या अनोळखी बायका वळून माझ्या पोटाकडे बघत होत्या.

लिहूनच टाकते, नाहीतर फुटेन. दोष माझ्यात नाही! गेल्या उन्हाळ्यात अल्माटीला दोघांच्या तपासण्या झाल्या. माझं सगळं ठीक. नुरतासचं नाही. होणारही नाही, डॉक्टरीण म्हणाली, हवं तर मूल दत्तक घ्या. तो दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून रडला. मी त्याचं डोकं पोटाशी धरलं, सगळ्या रस्त्यादेखत. तेव्हा त्याने वचन मागितलं. "अपाला सांगू नकोस. एकुलता एक आहे मी. मरेल ती." दिलं वचन. मला काय माहीत, वचन त्याने घ्यायचं आणि काढे मी प्यायचे!

म्हणून तर सापाला एका शब्दात हो म्हणाला. लाच होती ती. लाच!

घरी आल्यावर बुरिमच्या पेटीजवळ गेलेच नाही.

३ डिसेंबर

उचललं! दोन्ही तळव्यांत, खालून आधार देत. चावलं नाही, पण घाण सोडली. काय तो वास! सडक्या अंड्यात लसूण कुटल्यासारखा. चार वेळा हात धुतले. अपा नाकाला डोक्याचा रुमाल लावून ओरडत होती, "घरात कोण मेलं?"

रिनात फोनवर खदाखदा हसला. "अभिनंदन! तू त्याला खाणार आहेस अशी त्याची खात्री होती, आता नुसती शंका उरलीय."

१५ डिसेंबर

नुरतास आलाय. आज मेजवानी. हिवाळ्याचा घोडा कापला की नातेवाइकांना बोलवायलाच हवं. सकाळपासून कणीक लाटतेय, उकडतेय, वाढतेय. मग समोवाराच्या बंबापाशी बसून चहा.

अपाचा भाऊ, ओरालमामा, घोडावाला. चरबीचा तुकडा तोंडात घोळवत म्हणाला, "सून चहा छान ओतते. पण ऐकतो ते खरं का, हिच्या खोलीत साप आहे? पोरी, जिथे साप वेटोळं घालतो तिथे पाळणा हलत नाही."

मी नुरतासकडे पाहिलं. नुरतास ताटाकडे. हाडावरचं मांस असं निरखत होता, जसं काही त्यावर परीक्षेचं उत्तर लिहिलंय!

मामाने पेला पुढे केला. मी ओतला. अर्धाच, रीतीप्रमाणे. पाहुण्याचा पेला काठोकाठ भरला तर 'पी आणि चालू लाग' असा अर्थ होतो.

भरायला हवा होता काठोकाठ! सांडेपर्यंत!

१६ डिसेंबर

"बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं होतं?"

"एवढंच की सापाचा काही संबंध नाही. पूर्ण खरं सांग म्हणत नाही मी. पाव तरी सांग!"

"मामाशी वाद कोण घालणार? आणि सिंबात, तसं बघितलं तर… साप परत दिलास तर सगळेच गप्प बसतील."

वा! आधी त्याच्या जागी मी उभी होते. आता माझ्या जागी साप उभा करायचा. आणि साप गेला की? पुन्हा मीच!

दार आपटलं आणि तशीच पेटीत हात घातला. बुरिम फुत्कारून अंगावर आलं. बरोबरच आहे त्याचं.

२ जानेवारी

नुरतास गेला. जाताना अपाचा गाल चुंबला, माझं कपाळ. पेटीकडे बघितलंही नाही.

१० जानेवारी

आज काय झालं ते लिहायलाच हवं.

एक हात संपत आला की दुसरा पुढे धरायचा. त्याला वाटलं पाहिजे की जमीन संपतच नाही. धरायचं नाही, अडवायचं नाही. बुरिम बोटांमधून निघालं, तळहातावरून मनगटावर आलं आणि नाडी उडते तिथे हनुवटी टेकून थांबलं. जिभेची दोन टोकं बाहेर, आत, बाहेर. मी श्वाससुद्धा हळू घेत होते. या घरात मी कुणाला घाबरत नाहीये आणि माझ्यामुळे कुणाला त्रास होत नाहीये, अशी पहिलीच वेळ.

वर पाहिलं तर दारात अपा. उंबऱ्याबाहेरच.

"चावत नाही?"

"नाही."

"हं." आणि गेली.

१९ जानेवारी

घालवलं! तिने घालवलं!

दुकानातून आले तर पेटी जागेवर नाही. पलंगाखाली, कपाटात, कुठेच नाही. अपा स्वयंपाकघरात कणीक मळत होती, शांत.

"पेटी कुठंय?"

"धुऊन ठेवलीय."

"आणि बुरिम?"

"दूध घालून वाट दिली त्याला."

घरात आलेल्या सापाला मारायचं नाही. डोक्यावर दूध ओतायचं, दार उघडायचं, 'जा बाबा' म्हणायचं. रीत आहे, माझी आजीही करायची. पण ती रानातल्या सापाला, उन्हाळ्यात! बाहेर गुडघाभर बर्फ, थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते! ज्याला उबेची गादी लावून वाढवलं त्याला त्या बर्फात!

"नीट केलं मी," अपा म्हणते. "फडक्यात धरून पेटी पडवीत नेली. दुवा मागितला, दूध ओतलं, दार उघडलं, तोंड फिरवलं. पुन्हा पाहिलं तर नव्हतं. आनंदाने गेलं."

आनंदाने!!

मी ओरडले. तीन वर्षांत पहिल्यांदा. "तुम्ही मारलंत त्याला! पुण्य करता करता मारलंत! मीच नको आहे ना तुम्हाला? मग माझ्याच डोक्यावर ओतायचं होतं दूध!"

अपाचे हात कणकेत. वर न बघता म्हणाली, "मूल झालं असतं तर साप लागला नसता तुला."

आलं होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं. तुमचा मुलगा—! दात इतके आवळले की जबडा अजून दुखतोय. बॅटरी घेऊन अंगणात गेले. लाकडांचा ढीग, कोळशाची खोली, कुत्र्याचं घर, सगळं बघितलं. कुंपणावरून बिबिश, "काय हरवलं गं?"

"माणुसकी!" म्हटलं.

बर्फावर एक रेघसुद्धा नाही.

नुरतासला फोन केला. म्हणतो, "वाईट झालं. पण एका अर्थी सुटलो आपण."

'आपण' म्हणे! फोन बंद करून टाकला.

२० जानेवारी

सकाळी पडवीतून हाक. "सिंबात." अशी हाक अपाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. बारीक, भेदरलेल्या पोरीसारखी.

कोळसा आणायला निघाली होती. दारापाशी तिचे जाड लोकरी नमद्याचे उंच बूट असतात. एक पायात चढवला, दुसऱ्यात पाय घालणार तर आत काहीतरी. ती एका पायावर उभी, पाठ भिंतीला, दुसरा बूट छातीशी कवटाळलेला. आत डोकावले. टाचेपाशी वेटोळं.

बुरिम! बाहेर गेलंच नव्हतं. उघड्या दारातून थंडी आत आली आणि ते जवळात जवळच्या अंधाऱ्या, मऊ भोकात शिरलं — अपाच्या बुटात!

बोट लावलं. गार. हलेना.

"मेलं?" अपा. "मी मारलं? घरातला साप मारला तर पुढच्या पिढ्या…" आणि थांबली. पिढ्यांचं बोलणं आमच्या घरात असंच अर्ध्यावर थांबतं.

रिनातला फोन लावला. "शेगडी नको, गरम पाणी नको! एकदम उष्णता दिली तर जाईल. अंगाची ऊब, हळूहळू. तुमच्यात कुणाचे हात जास्त गरम असतात?"

माझे हात बर्फ. अपाचे रुंद, जाड, बारा महिने तव्यावरून काढल्यासारखे. मी काही म्हणायच्या आत तिने ओंजळ पुढे केली, डोळे मिटून.

"घाल. लवकर घाल, नाहीतर मन बदलेल माझं."

घातलं. ती खुर्चीवर बसली, ओंजळ शालीखाली. ओठ हलत होते. दुवा होती की शिव्या, कळलं नाही. शेगडीवर भात लागला, कुणी उठलं नाही. दुपारी ती एकदम ओरडली, "हललं! अगं, गुदगुल्या करतंय!"

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. माझ्याही होतं. तरी लिहून ठेवते, मी तिला माफ केलेलं नाही. नाही म्हणजे नाही!

१ फेब्रुवारी

सगळं मुसळ केरात! माझा हात दिसला की चावतं. खाणं दोनदा टाकलं. नोव्हेंबरात होतं त्याहून वाईट.

आणि अपाच्या हातावर? झोपतं! ती उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसते, "आण इकडे," म्हणते, आणि माझ्यावर फुत्कारणारं ते बेइमान तिच्या अंगठ्याला विळखा घालून पडून राहतं. त्याला बर्फाच्या दारात ठेवलं ते कुणी? रात्रंदिवस जपलं ते कुणी? सापालासुद्धा न्याय नाही!

"तू घाई करतेस," अपा म्हणते. "कणीकसुद्धा घाई केली की रुसते."

रिनातला विचारलं, "त्याला माझा राग कळतो का?"

"राग कसला कळतोय! झटके कळतात. खरं सांग, तू हात घालतेस की हिसका मारतेस?"

फोन ठेवून दिला. सगळ्यांना माझेच हात दिसतात.

१२ फेब्रुवारी

अपा उंबरा ओलांडून आत आली. बुरिमने खाल्लं का बघायला. खाल्लं होतं. खूश झाली. मग पडदे बघितले. "हे कधी धुतलेस?" मग कपाट उघडलं. "एवढे मोजे कुणाला लागतात?"

झालं! सुख संपलं.

बाहेर कुंपणापाशी बिबिशला सांगत होती, "आमचं फार शांत आहे हो."

आमचं!

२३ फेब्रुवारी

आज अपाच्या शेजारी बसून तिचे हात नीट बघितले. ती काही करतच नाही. हात मांडीवर टाकते आणि विसरते. बिबिशच्या गाईबद्दल बोलत राहते. मीही हात टाकला आणि गाईबद्दल विचारलं. बराच वेळ गेला. बुरिम अपाच्या बोटांवरून माझ्या बोटांवर आलं. मी गाईबद्दलच बोलत राहिले.

राग गेलेला नाही. फक्त हात तेवढे वेगळे ठेवायला जमलं.

९ मार्च

नुरतास घरी. ओरालमामा आला होता. मी स्वयंपाकघरात, दार किलकिलं.

"तीन वर्षं वाट बघितली," मामा म्हणतो. "सुनेला कुणी हाकलत नाहीये. राहू दे तिला. पण मुलाने दुसरी करावी. मेर्केला एक घर आहे ओळखीचं, मुलगी एकोणीसची, अंगाने भरलेली. पुढच्या हिवाळ्यात नातू मांडीवर असेल बघ."

माझ्या हातात सुरी होती. कांद्यावर होती, कांद्यावरच ठेवली.

नुरतास काहीच बोलला नाही. काहीच! खोकला. एवढंच.

अपा मात्र मध्येच उठली आणि कोट न घालता अंगणात गेली. बराच वेळ कोळसा भरत बसली. बादली तर आधीच भरलेली होती.

१० मार्च

"नाही का म्हणाला नाहीस?"

"हो तर म्हटलं नाही ना!"

"नुरतास, ती मुलगी येईल. तिलाही मूल होणार नाही. मग तिच्या खोलीत काय शोधणार तुम्ही? तिच्याकडे तर सापही नसेल!"

"हळू बोल. अपा ऐकेल."

"ऐकू दे!"

त्याने हात जोडले. खरंच जोडले, लहान मुलासारखे. "थोडे दिवस दे मला. पुढच्या खेपेला सांगतो तिला. शप्पथ."

पुढच्या खेपेला! या माणसाचं सगळं आयुष्य पुढच्या खेपेला आहे. उद्या पहाटे निघतोय, दोन दिवस आधीच. पळतोय.

१६ मार्च

ठरलं. त्याने सांगितलं नाही तर नौरीझचा, नववर्षाचा सण झाल्यावर मी सांगणार. वचन मी मोडेन आणि बुरिमला घेऊन अल्माटीला जाईन. रिनातला विचारलं, दुकानात जागा आहे म्हणाला. मरेल अपा, तर मरू दे. नाही, मरू नये. पण कळू दे!

२० मार्च

उद्या नौरीझ. सात जिन्नसांची पेज शेगडीवर, मी ढवळत होते. अपा टेबलापाशी, बुरिम तिच्या मनगटावर. त्याच्याकडे बघत म्हणाली, "ती मेर्केची पोर आणायची नाही."

"मग तुमच्या मुलाला सांगा."

"काय सांगू? चौदाचा होता. गालगुंड झालं, ते खाली उतरलं. इस्पितळातली डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, याला बहुतेक मूल व्हायचं नाही. त्याला मी कळू दिलं नाही. कुणालाच नाही. तुला मागायला आलो तेव्हा म्हटलं, बहुतेक म्हणाली ना, नक्की तर नाही म्हणाली."

माझ्या हातातला डाव थांबला. म्हणजे मझार. काढे. बस. मामा. सगळं, सगळं, माहीत असून!

"मग माझ्यावर का घातलंत?"

"लोक विचारतात गं. कुणावर तरी घालावंच लागतं."

मी शेगडी बंद केली. नुरतासला फोन लावला. त्याने उचलला.

"तुझ्या आईला तुला काहीतरी सांगायचंय," म्हटलं, आणि फोन तिच्या मोकळ्या हातात दिला.